तीच कथा, तोच विनोद, मग आता हसू का येत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गल्लत झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. कॉलेजात असताना तुम्ही एका विसरभोळ्या आजोबांची विनोदी कथा वाचली होती आणि हसून हसून तुमची मुरकुंडी वळली होती. आता तुमच्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला आहे आणि त्यांचं सगळं तुम्हीच बघता. मध्यंतरी ती कथा पुन्हा हाती आली, तर एकदाही हसू आलं नाही. उलट लेखकाचा राग आला. दूर राहणाऱ्या धाकट्या भावाला ती पाठवली, तर तो पूर्वीसारखाच खो खो हसला, मग त्याचाही राग आला. तुम्ही स्वतः विनोदी कथा लिहिता. म्हणून विचारताय की कथा मुळातच वाईट होती, की मीच रूक्ष झाले? आणि हसू असं माणसागणिक, वर्षागणिक बदलणार असेल तर लिहायचं कुणाला डोळ्यांसमोर ठेवून?

विनोदी कथांचं संपादन हे माझं रोजचं काम. हस्तलिखितं वाचायची, त्यांवर शेरे मारायचे, ती इतरांना वाचायला द्यायची आणि कोण कुठे हसतंय ते बघत बसायचं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाची वेगवेगळी रूपं माझ्यापुढे येतच असतात. ती कथा मी वाचलेली नाही, तेव्हा तिच्या गुणदोषांबद्दल छातीठोकपणे काही सांगणार नाही. तुम्ही दिलेल्या प्रसंगावरून मात्र बरंच कळतं.

थोडक्यात उत्तर असं की तुम्ही रूक्ष झालेल्या नाहीत, आणि कथा चांगली की वाईट हे तुमच्या रागावरून ठरत नाही. कथेतल्या खोलीत तुमची बसायची जागा बदलली आहे.

तुम्ही सांगितलेला प्रसंगच घेऊ. घरी पाहुणे आलेत. आजोबा त्यांतल्या एकाला चार वेळा नाव विचारतात. पाहुणा चारही वेळा सांगतो, दर वेळी थोड्या मोठ्या आवाजात. सून मध्ये पडून म्हणते, ‘बाबा, आत्ताच सांगितलं ना त्यांनी.’ आणि मग सगळे हसतात. कॉलेजात हे वाचताना तुम्ही कुठे होतात? पाहुण्यांच्या रांगेत. तिथून आजोबा समोर दिसतात, पाहुण्याचा चढत जाणारा आवाज ऐकू येतो, सून म्हणजे मधूनच येणारं एक वाक्य. आता तुम्ही सुनेच्या शेजारी उभ्या आहात. तिथून दिसतं ते वेगळंच: पाहुणे तासाभरात उठून जातील आणि पाचव्यांदा, पंधराव्यांदा उत्तर द्यायला ती एकटीच उरेल. कथेत तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. माझा अंदाज असा की तुम्हाला राग आला तो आजोबांना हसल्याचा कमी, आणि ती बाई लेखकाला दिसलीच नाही याचा जास्त.

हे जागेचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘परिस्थितीमुळे विनोदाची जाण बदलते’ असं आपण सहज म्हणतो आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. परिस्थिती नेमकं काय बदलते? माझ्या अनुभवात सगळ्यात आधी बदलतं ते हे की प्रसंगातल्या कुठल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून आपण तो प्रसंग बघतो. म्हणून कुणी मला ‘ही कथा विनोदी वाटली नाही’ असं सांगितलं की मी ‘का?’ विचारत नाही. ‘वाचताना तुम्ही कुणाबरोबर होतात?’ असं विचारते. यावर बहुतेकांना पटकन उत्तर देता येतं, आणि ते उत्तर त्यांच्या मतापेक्षा जास्त उपयोगी असतं.

एक उदाहरण देते. नोकरीच्या मुलाखतीवरची एक कथा माझ्याकडे आली होती. उमेदवाराने मित्राचे बूट उसने घातलेत, ते दोन नंबर मोठे आहेत, आणि आत शिरताना एक बूट दारातच राहतो. तो तसाच खुर्चीवर जाऊन बसतो, एक पाय दुसऱ्या पायामागे लपवून. पुढे मुलाखत रंगते आणि निवेदक जाता जाता सांगून टाकतो की जागा आधीच भरलेली होती, तरी मुलाखत पाऊण तास चालली. ही कथा मी तऱ्हेतऱ्हेच्या लोकांना वाचायला दिली. नोकरीत स्थिरावलेले लोक बुटाला हसले. बरेच दिवस नोकरीच्या शोधात असलेला एक जण बुटापाशी गप्पच झाला. पण ‘जागा आधीच भरलेली होती’ या वाक्याला तो असा काही फुटला की बाकीच्यांनी वळून बघितलं. आणि मुलाखती घेणं हेच ज्यांचं काम, त्या बाई दोन्ही ठिकाणी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘असं काही होत नाही.’ (मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात सर्वांत विनोदी वाक्य हेच होतं.)

त्या बेकार मुलाची विनोदबुद्धी काही कमी झालेली नव्हती. सुखवस्तू वाचकाला जो विनोद दिसलाही नाही, तो त्याला दिसला. तुमच्या बाबतीतही हेच होत असणार. एका जागेवरचं हसू गेलं, पण दुसरीकडे कुठेतरी पूर्वी न दिसलेलं हसू तुम्हाला दिसायला लागलं असेल. वडिलांचं करणाऱ्या, तुमच्यासारख्याच कुणाशी बोलताना तुम्ही दोघी कशाकशाला हसता ते एकदा आठवून बघा. बाहेरच्या माणसाने ते ऐकलं तर तो कदाचित दचकेल.

हा प्रश्न नवा नाही. काश्मीरचे संस्कृत पंडित अभिनवगुप्त यांनी हजारेक वर्षांपूर्वी भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या आपल्या भाष्यात रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी गेलेलं असणं. घरची विवंचना डोक्यात घेऊन नाटकाला बसलेल्या माणसाला समोरचं काही भिडत नाही. यात सुखही आलं, हे मला विशेष आवडतं. नुकतंच प्रेमात पडलेल्या माणसाला प्रेमवीरांवरची कथा वाचायला देऊन बघा. तो ती गंभीरपणे वाचतो आणि वर त्यात सुधारणा सुचवतो. अभिनवगुप्तांनी यावर उपायही सांगितले आहेत: गाणं, वाद्यं, सजवलेला रंगमंडप, थोडक्यात प्रेक्षकाला स्वतःचा विसर पाडणारं सगळं. कथेत ना वाद्यं असतात ना मंडप. तिथे हे काम निवेदकाच्या आवाजाला करावं लागतं, आणि तेही पहिल्या पान-दीड पानात. विनोदी कथेची सुरुवात घाईत उरकणाऱ्या लेखकांशी माझा वाद होतो तो याच मुद्द्यावर.

तरी विनोदाच्या बाबतीत अभिनवगुप्तांचं मला निम्मंच पटतं. स्वतःचं दुःख आड येतं हे खरं, पण स्वतःचं आयुष्य बाहेर ठेवून आलेला वाचकही विनोदी कथेच्या फारसा कामाचा नसतो. मुलाखतीच्या कथेतलं ते वाक्य त्या मुलाला लागलं ते त्याच्या स्वतःच्या हालअपेष्टांमुळेच. म्हणजे एकच परिस्थिती एका ओळीत आडवी येते आणि पुढच्या ओळीत कामाला येते. मग ती कधी आडवी येणार आणि कधी कामाला येणार?

यावर मानसशास्त्रात बरंच काम झालेलं आहे आणि त्यातला काही भाग माझ्या रोजच्या निरीक्षणाशी छान जुळतो. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० साली मांडलेली कल्पना साधी आहे. काहीतरी रीतभात मोडणारं, चुकलेलं, धोक्याचं असावं लागतं आणि त्याच वेळी ते निरुपद्रवी वाटावं लागतं. दोन्ही एकदम जाणवलं की हसू येतं. नुसताच धोका असेल तर भीती वाटते किंवा राग येतो, आणि सगळंच निर्धोक असेल तर जांभई. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अंतराचा मुद्दा तपासला. गाडीची धडक बसण्यासारखी मोठी घटना काल घडलेली असण्यापेक्षा पाच वर्षांपूर्वी घडलेली असेल तर लोकांना जास्त मजेशीर वाटते. पायाच्या अंगठ्याला ठेच लागण्यासारख्या किरकोळ गोष्टीचं उलटं. ती कालची असेल तर गंमत, पाच वर्षांपूर्वीची ठेच कुणाला ऐकायची आहे?

त्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी चक्रीवादळ आलं. या मंडळींनी वादळावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या वेळी वाचायला दिले. वादळ यायच्या आधी ते बऱ्यापैकी मजेशीर वाटत होते. नुकसान समोर आल्यावर त्यांची गंमत घसरली, पुढे ती हळूहळू वर चढली, महिना उलटल्यावर कधीतरी सर्वांत जास्त झाली आणि त्यानंतर पुन्हा उतरली, कारण तोवर लोकांना त्या वादळाचं काही वाटेनासं झालं होतं. ‘काळ गेला की दुःखाचा विनोद होतो’ असं जे म्हटलं जातं ते म्हणूनच अर्धवट आहे. फार काळ गेला की विनोदही जातो.

तुमच्या घरी हे लावून बघा. वडिलांचा विसर ही तुमच्यासाठी आज घडणारी गोष्ट आहे, उद्याही घडणार आहे. ‘निरुपद्रवी’ या शब्दाला तिथे जागाच नाही. भावासाठी मात्र ती फोनवरून कळणारी बातमी आहे. एवढ्यावरून त्याला निर्दय ठरवायची घाई मी करणार नाही. तो खरंच काही बघत नसेल म्हणून हसत असेल, किंवा बघायची भीती वाटते म्हणून जुन्या कथेला धरून बसला असेल. दोन्ही हसू लांबून सारखीच ऐकू येतात. तुमच्या चार ओळींवरून यातलं कुठलं ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला कदाचित येईल.

अंतराइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे बोलतंय कोण. फ्रॉइडने १९२७ च्या विनोदावरच्या लेखात एक उदाहरण दिलं आहे: सोमवारी फाशीला नेला जाणारा कैदी म्हणतो, ‘वा, आठवड्याची सुरुवात तर छान झाली!’ आता हेच वाक्य जल्लादाच्या तोंडी घालून बघा. शब्द तेच, वार तोच, आणि विनोदाच्या जागी क्रौर्य. इस्पितळात, अग्निशमन दलात, स्मशानात काम करणारी माणसं आपसांत जे बोलतात ते बाहेर सांगण्यासारखं नसतं, पण त्यांच्या तोंडी ते शोभतं, कारण त्या प्रसंगात त्यांचंही काहीतरी पणाला लागलेलं असतं. कथेत हा प्रश्न दुहेरी होतो. पात्र काय बोलतं हे एक, आणि निवेदक कुठे उभा राहून बोलतो हे दुसरं. तुमच्या त्या कथेतला निवेदक पाहुण्यांमध्ये बसलेला दिसतो. तो आजोबांच्या घरचा असता तर कदाचित तेच चार वेळा विचारलेलं नाव तुम्हाला चाललं असतं.

चुटका आणि कथा यांतला फरक इथे येतो. चुटक्यातला विसरभोळा म्हातारा हा नावापुरता म्हातारा असतो. अर्ध्या मिनिटात तो संपतो, त्याच्याशी ओळख व्हायला वेळच नसतो. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते असं फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने १९०० साली लिहिलं, ते चुटक्याला चपखल लागू पडतं. पण कथेत, त्यातून कादंबरीत, ही भूल पन्नास पानं टिकत नाही. माणूस आवडायला लागतो. आणि चांगल्या विनोदी कादंबरीत आवडायला लागल्यावरच आपण त्याला खरं हसायला लागतो, घरच्या माणसाला हसावं तसं. ज्या कथेत अखेरपर्यंत भूल लागतेच, ती कथा म्हणजे लांबवलेला चुटका असतो. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत असे चुटके खूप असतात.

आपल्याकडे विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे तीन भाग करायची रीत आहे. परिस्थितीचा परिणाम या तिन्हींवर सारखा होत नाही. शब्दावरच्या कोटीला तुमच्या घरी काय चाललंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं; ती भाषा येणाऱ्या कुणालाही कळते, फार तर दमलेल्या माणसाला तिचा कंटाळा येतो. विडंबनाला मूळ गोष्ट माहीत असावी लागते, एवढीच अट. प्रसंगातला विनोद जास्त हळवा: पडणं, हरवणं, भलत्याच दारात शिरणं, हे ज्याच्यावर नुकतंच गुदरलंय त्याला ते खुपतं. आणि सर्वांत जास्त उलथापालथ होते ती स्वभावनिष्ठ विनोदात, कारण तिथे आपण माणसाची बाजू घेत असतो, आणि वयाबरोबर आपली बाजू बदलते. विशीत वाचताना कडक बापाची फजिती होते तेव्हा आपण मुलाबरोबर टाळ्या पिटतो. चाळिशीत तीच कादंबरी उघडली की बापाने दारामागे उभं राहून ऐकलेलं एक वाक्य दिसतं आणि टाळी अर्ध्यावर राहते. पण तोच बाप घड्याळ बघत येरझारा घालतो, ते पान विशीत आपण सपाट वाचून गेलेलो असतो. आता त्याला आपण खदखदून हसतो.

अजून एक व्यावहारिक मुद्दा, कारण लोक यावरून उगाच स्वतःला दोष देतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात असं दिसलं की माणूस एकटा असताना, सोबत पुस्तक किंवा टीव्हीही नसताना, जेवढं हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो. कॉलेजात ती कथा तुम्ही कशी वाचली होती? मैत्रिणींच्या घोळक्यात, कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असताना? आणि आता? बहुधा रात्री, सगळं आवरल्यावर, एकट्याने, एक कान वडिलांच्या खोलीकडे ठेवून. दोन वाचनांत फक्त वय आणि अनुभव बदललेला नाही, सोबतही बदललीय. म्हणून एकट्याने वाचताना हसू फुटलं नाही, एवढ्यावरून मी कुठल्याही कथेला किंवा वाचकाला नापास करत नाही. ओठांचा कोपरा हलला तरी मला चालतो. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगताना स्मित आणि हसित ही सौम्य हसू उत्तम माणसांकडे दिली, आणि डोळ्यांत पाणी आणून, कुशी धरून हसणं अधम माणसांकडे. विनोदाच्या संपादकाला हे वर्गीकरण परवडणारं नाही. आमचं पोट अधमांवरच चालतं.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर, तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकदम बदलल्या: तुम्ही पाहुण्यांमधून उठून सुनेच्या बाजूला आलात, जे लांबचं होतं ते ताजं आणि जवळचं झालं, आणि वाचनाची सोबत गेली. यांतलं एकही तुमच्या विनोदबुद्धीचं अपयश नाही. कथेचं अपयश असलंच तर ते एवढंच की ती एका खुर्चीवरूनच बघायची सोय करते. हा दोष लहान नाही, पण तेवढ्यावरून ती टाकाऊही ठरत नाही. पुष्कळ बऱ्या विनोदी कथा एका खुर्चीच्याच असतात.

आता तुमच्या लिखाणाकडे येते, कारण प्रश्नाचा हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला.

जो विषय कुणाला तरी दुखतो तो सोडून द्यायचा, हा उपाय मी कधीच सुचवत नाही. तसं केलं तर उरतील फक्त कोट्या. मी विचारते ते हे की विनोदाचा भार कुणाच्या डोक्यावर ठेवलाय आणि तो हलवता येतो का. तुमचाच प्रसंग मी माझ्या पद्धतीने फिरवून बघते. समजा, आलेला पाहुणा म्हणजे परगावी राहणारा मुलगाच आहे.

‘आपलं नाव?’ आजोबांनी विचारलं.

त्याने सांगितलं.

‘वा! आमच्या मुलाचंही हेच नाव,’ आजोबा म्हणाले. ‘पण तो इतका वेळ बसत नाही हो.’

विसर तोच आहे, गोड करून सांगितलेला नाही. चार वेळा विचारायचीही गरज उरली नाही, एकदाच पुरलं. पण आता आजोबा हे विनोदाचं गिऱ्हाईक राहिले नाहीत. त्यांच्याच तोंडून, त्यांना न कळता, घरातलं एक खरं बाहेर पडलं आणि भार मुलाच्या डोक्यावर गेला. खोलीत सूनही उभी आहे. तिला एक शब्दही न देता ती प्रसंगात आली, कारण हे वाक्य ऐकून ती काय करेल हे वाचक आपोआप बघायला लागतो. मला वाटतं, या ओळीला तुम्ही हसाल. तुमचा भाऊ हसेल की नाही याची मला खात्री नाही. आणि इथे मजा अशी की परिस्थितीने हसू बदलणं हे सगळं जसंच्या तसं राहिलं, फक्त दोघांच्या खुर्च्यांची अदलाबदल झाली. सगळ्यांना सारखंच हसवणारी ओळ मी आजवर फारशी बघितलेली नाही. ज्याला सर्वांत जास्त सोसावं लागतंय त्याला हसता येईल, अशी ओळ मात्र कष्टाने लिहिता येते.

ती लिहिण्यासाठी तुमच्याकडे आज जे आहे ते कॉलेजात नव्हतं: तपशील. बाहेरून लिहिणारा लेखक ‘आजोबा विसरतात’ एवढंच लिहू शकतो. तुम्हाला माहीत आहे की ते काय विसरतात आणि काय मुळीच विसरत नाहीत, कुठल्या वेळी विसरतात, विसरल्याचं झाकायला कुठली वाक्यं वापरतात. ‘आपलं नाव?’ हे चारचौघांत शोभणारं, सभ्य वाक्य म्हणजे अशी एक झाकणीच आहे. तपशील नेमका असला की त्या आयुष्यातले लोक हसतात, कारण त्यांना ‘हे कुणीतरी पाहिलंय’ असं वाटतं. ढोबळ विनोदाला तेच लोक चिडतात. आपल्या व्यवसायावरच्या, आजारावरच्या, वयावरच्या विनोदाला लोक चिडतात असं म्हणतात, पण मला दिसतं ते असं की ते बहुतेक वेळा आळसाला चिडतात. डॉक्टरांचं घाणेरडं अक्षर, विसराळू प्राध्यापक, खडूस सासू, हे विनोद ज्यांच्यावर आहेत त्यांना लागतात त्यापेक्षा जास्त कंटाळवाणे वाटतात.

कधी लिहायचं, हे मात्र तुमच्यावर अवलंबून आहे. काहींना ऐन धामधुमीत लिहिता येतं आणि त्यानेच त्यांना तग धरता येतो. काहींचं त्या काळातलं लिखाण नुसतं कडवट उतरतं, आणि कडवटपणाला विनोद समजण्याची चूक वाचक करत नाही. माझी सूचना एवढीच की टिपून आत्ताच ठेवा, वाक्यं जशीच्या तशी, कारण ती नंतर हमखास पुसट होतात. कथा करायची की नाही हे पुढे बघू. आणि आत्ता लिहिलेल्या खर्ड्याबद्दल आत्ताच निकाल देऊ नका, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

शेवटचा प्रश्न, विश्वास कुणाच्या हसण्यावर ठेवायचा. एकाच्या नको. खर्डा निदान तीन प्रकारच्या लोकांना द्या: ज्याच्यावर विनोद आहे ते आयुष्य जगणारा एक, त्याच प्रसंगात पलीकडच्या खुर्चीवर बसणारा एक, आणि या सगळ्याशी काही संबंध नसलेला एक. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात. हातात पेन्सिल द्या आणि सांगा की जिथे हसू आलं तिथे बरोबरची खूण करा, जिथे टोचलं तिथे फुली, जिथे नजर पुढे पळाली तिथे नुसती रेघ. मग तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचा.

जिथे तिघांच्याही रेघा आहेत ते कापा, मग ते तुमचं कितीही लाडकं असो. जिथे तिऱ्हाईत हसलाय आणि जगणाऱ्याने फुली मारलीय, तिथे थांबून बघा की भार दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर देता येतो का. दर वेळी द्यायलाच हवा असं नाही. कधी फुली हवीच असते, कारण ती जागा टोचण्यासाठीच लिहिलेली असते, पण तसं असेल तर ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. पलीकडच्या खुर्चीवाल्याने एकट्यानेच फुली मारली तर मी सहसा ओळ तशीच ठेवते. आणि जिथे जगणाऱ्याने बरोबरची खूण केलीय पण तिऱ्हाइताची नुसती रेघ आहे, ती जागा मात्र कुणी सांगितलं तरी कापू नका. तिथे तुमचा सर्वांत चांगला माल असतो. तिऱ्हाइताला आत घ्यायला त्याच्याआधी एखादं वाक्य हवं असतं, बहुतेकदा एकच, आणि ते दोन-तीन परिच्छेद आधी, सहज बोलल्यासारखं पेरावं लागतं. लागूनच दिलं तर ते स्पष्टीकरण होतं, आणि मग जगणाऱ्याचंही हसू जातं.